पेटी घ्यायची की टाकी

७८६
नांदेड, ६ एप्रिल १९९७

चि. हुस्नास ताहेरचा सलाम व दुवा. वि. वि.

अकरममियाँ आपोआप चालणारं ठिबक घेणार, आणि तुमच्या लेकीच्या, लायबाच्या, लातूरच्या क्लासची फी त्यात जाणार. फीचं तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस. मी तेच आधी वाचलं.

विष्णुपुरीजवळ कंपनीचा नमुना मळा बघून आलो. ठिबक चालवणारी त्यांची पेटी गुणाची हाय, खोटं कशाला बोलू. वेळ लावली की मोटार आपणहून चालू, आपणहून बंद. सगळे थेंबांकडं बघून राहिले होते. मी मोटारी दुरुस्त करून पोट भरणारा, माझे कान गोदामामागं. तिथं जनरेटर धडधडत होता! डिझेलचा खर्च कुठं धरलाय, असं एजंट शेषेरावांना विचारलं, तर ते म्हणाले चहा घ्या. चहा घेतला.

तुमच्याकडं लाइटीचा भरवसा नाही. पेटी पहाटे बटण दाबेल, तारेत वीज नसेल. अनुदान मागाहून, पैसा आधी आपला. त्यापेक्षा अर्ध्या एकरापुरत्या नुसत्या नळ्या घ्या, उंचावर टाकी ठेवा. लाइट आली की भरेल, मग थेंब उतारानंच पडतील. फीही वाचेल. अकरममियाँना सांग, मेहुणा दुश्मन नाही.

तुझा भाई,
ताहेर

औसा, १४ एप्रिल १९९७

ती. भाईजान यांस हुस्नाचा सलाम. वि. वि.

टाकीचं नाव काढलं आणि सासूबाई अमीरबी अंगणात निघून गेल्या. भूकंपात माळवद कोसळलं, सासरे त्यात गेले. तेव्हापासून त्या पत्र्याखालीच निजतात. उंचावर जड काही ठेवायचं म्हटलं की त्यांना धाप लागते. पडलेल्या घराच्या दगडांना अजून कुणाला हात लावू देत नाहीत. हे म्हणतात, पेटी जमिनीवर बसते, मग तीच घेऊ. येत्या सोमवारी शेषेराव सही घ्यायला येतात. लायबानं क्लासचं विचारणंच बंद केलंय.

तुमच्या कानांनी घोर लावला, भाईजान. आता इलाजही तुम्हीच सांगा, सोमवारच्या आत.

हुस्ना

औसा, ११ मे १९९७

ती. भाईजान यांस सलाम. वि. वि.

तुमचं कार्ड बुधवारी आलं. सोमवार होऊन गेला होता.

शेषेरावांनी पेन पुढं केलं. ह्यांनी ते हातातही घेतलं. तेवढ्यात अमीरबींनी विचारलं, लाइट नसली तर पाणी कोण देणार. शेषेराव हसून म्हणाले, आजी, एक जनरेटर घ्या की! ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. तुमचं नाव मात्र घेतलं नाही, बरं का.

शेषेराव गेल्यावर अमीरबी दगडांच्या ढिगापाशी गेल्या. मग म्हणाल्या, हे बांधावर न्या, भरीव ओटा रचा. आत पोकळी नको, खाली कुणी राहायचं नाही. प्रत्येक दगड त्यांनी हातानं हलवून बघितला. त्यावर टाकी बसली. लायबा लातूरला गेली, फी भरली.

काल भर उन्हात लाइट गेली. वांग्यांच्या बुडाशी थेंब पडतच होते. अमीरबी ओट्याच्या सावलीला, त्याच दगडांना पाठ टेकून बसल्या होत्या. डोळा लागला होता त्यांचा.

असेच कान आमच्याकडं लावून असा.

तुमची,
हुस्ना