धाकटी घंटा

४ ऑक्टोबर
पोचले एकदाची! जीपने कंबर मोडली, पण देवदारांवरचा बर्फ दिसला आणि शीण गेला. आश्रमात स्वयंपाकाचं काम मिळालं. खरं काम वेगळंच आहे, दाबेरामदादाला घरी न्यायचं. आईने बजावलंय, त्याला आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. आमच्या गावच्या नाटीत, फेर धरून नाचताना, ज्याचा पाय कधी तालावर पडला नाही, तो इथे चौकात मन लावून नाचतोय! गुरुमाँ निरंजना झोपाळ्यावर बसून मोठी घंटा देतात, की सगळे जागच्या जागी थांबतात. मग त्या धाकटी किणकिणवतात, की पुन्हा धिंगाणा. मीही पळी धरून थांबले. डाळ करपली. दादा म्हणाला, "शुक्रे, न करपलेली डाळ तू केली होतीस कधी?"

१३ ऑक्टोबर
सिड्डू, आमच्याकडचे सारण भरलेले कणकेचे गोळे, उकडले, वर तुपाची धार. दादा बोटं चाटत म्हणाला, दिवाळीचा उत्सव झाला की निघू. मी त्याला आईची शपथ घ्यायला लावली.
एक मात्र आहे. मोठी घंटा झाली की जमीन थरथरते, तळव्यांतून गारवा चढतो. आज दादाच्या डोळ्यावर माशी बसली. त्याची पापणी लवली नाही. हाकलायला माझाही हात उचलेना.

१ नोव्हेंबर
उत्सव. ढोल, झेंडू, खीर. धाकटी वाजली, सगळे हलले. फक्त म्हातारी सुगंधा नाही, जिच्याशी बोलताना घसा ताणावा लागतो ती. "पोचली! पोचली!" म्हणत तिला हार घातले आणि नाचत वरच्या दालनात नेलं. कुणी रडलं नाही. मी तिचा हात धरून पाहिला. ऊबदार होता.

२ नोव्हेंबर
हार द्यायला वर गेले. तिथे तसेच कितीतरी जण. कुणाचा हात वर, कुणाचा पाय उचललेला. श्वास चालू. सुगंधाचे डोळे माझ्यामागे फिरले. गालावर ओघळ.
त्यांना सगळं कळतंय. मला भीती वाटतेय.

३ नोव्हेंबर
दादाला सांगितलं. बिचारा पांढराफटक पडला. उद्या दुपारच्या जीपने निघायचं. मध्येच घंटा झाली तर? कानांत लोकर कोंबू. ऐकूच आली नाही तर काय करणार ती!

४ नोव्हेंबर
फाटकापाशी होतो. दादाच्या कानांत लोकर ठासली. माझ्या ठासणार, तोच मोठी झाली. तळव्यांतून चढली. दोघेही थिजलो.
धाकटी वाजली— मी सुटले. तो नाही.
त्याला ऐकूच गेली नाही. सुगंधालाही गेली नसणार. लोकर मी कोंबली. मीच.
सगळे हार घेऊन आले. पोचला, पोचला. त्याच्या कानांतली लोकर उपसली, गुरुमाँच्या पाया पडले, धाकटी पुन्हा वाजवा म्हटलं. गुरुमाँ म्हणाल्या, वेडे, रडतेस काय, भाग्यवान आहे तो.

५ नोव्हेंबर
पळता आलं असतं. पण दादाचे डोळे— नाही सोडवत.
गुरुमाँ जेवायला गेल्या तेव्हा झोपाळ्याची धाकटी उचलली. एवढी एकच आहे. वर आणली, खालून तिची किणकिण या दालनात पोचतच नाही. डाव्या हाताने त्याच्या कानाशी वाजवतेय. हे आईसाठी लिहितेय, आम्ही परतलो नाही तर—

करंगळी हलली! आई, हलली! सुगंधाची पापणीही—

खाली ढोल थांबला.

जमीन—
मोठी झाली— खाली सगळे— सोडवणारी धाकटी तर माझ्याच हा