एकदा मिटले तर हो

दि. ४ मार्च
चि. धाकट्यास अ. आ.

फोनवर बोलले तर घरातले चार कान टवकारतात, म्हणून लिहिते. ह्यांना झटका येऊन तीन आठवडे झाले. वाचा गेली. नर्सने डोळ्यांची भाषा शिकवली: एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. पाणी, कूस, खिडकी, सगळं त्यावर बरं चाललं होतं.

मग पोरं राहायला आली. थोरलीने उशाशी प्रार्थना लावली आणि विचारलं, बाबा, देवावर विश्वास आहे ना? ह्यांनी डोळे एकदा मिटले. ती रडली. संध्याकाळी चिरंजीवांनी प्रार्थना बंद करून विचारलं, बाबा, हे सगळं थोतांड ना? पुन्हा एकदाच! चाळीस वर्षांत ह्या माणसाने घरात कुणाला नाही म्हटलेलं नाही, हे ह्या दीडशहाण्यांना कोण सांगणार? आता रोज उलटतपासणी. एक नरकाची भीती घालते, दुसरा अडाणीपणाची लाज काढतो. आणि दोघंही म्हणतात, त्यांच्याच भल्यासाठी! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला प्रार्थनेला सक्तीने गुडघ्यावर बसवत, पण निदान उठून पळायला पाय होते. ह्यांना मानही वळवता येत नाही. काय करू, सांग.

तुझी ताई

दि. ९ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये भल्याभल्यांना गप्प केलंस, आणि पोटच्या पोरांपुढे हात टेकलेस? दोघांसमोर भाऊजींना तूच एकदा विचार. जे उत्तर येईल तो निकाल, पुढे अवाक्षर नाही. माझं म्हणशील, तर मी तुझ्या धाकाखेरीज काहीच मानत नाही.

लोभ आहेच, तो रागावूनही राहू दे.
तुझा धाकटा

दि. १९ मार्च
चि. धाकट्यास अ. आ.

तुझं ऐकलं. दोघांना पलंगाच्या दोन बाजूंना उभं केलं आणि विचारलं, देव मानता का? एकदाचं खरं सांगा. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ माझ्याकडे. आणि डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. थोरली म्हणाली, ध्यान लागलं. चिरंजीव म्हणाले, तुझ्या देवाला कंटाळले. दोघांना हाकलून दिलं रे, पण प्रश्न तर मीच विचारला होता.

पाच दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, शुद्ध आहे. पापण्या थरथरतात, गालावरून पाणी ओघळतं; माझी चाहूल लागली की डोळे आणखी घट्ट. चमच्यात पाणी घेऊन मी उभी असते. तहान लागली आहे का, एवढंसुद्धा मला कळत नाही.

ताई