शैलानं ड्रम भरला नाही

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

मुखेडला दोन दिवसांचं मांडवाचं काम म्हणून गेलो, तिथून नायगावला, अन् परत आलो सहाव्या दिवशी. अंग नुसतं मोडून आलंय. खोली उघडली तर ड्रम कोरडा. गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. मी नसलो की शेजारची शैला तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडून माझाही ड्रम भरायची. ती शाळेत शिकवते, घड्याळ लावून जगते. मी दहावी सोडलेला. तरी भरायची. नायगावला भजी झकास होती, पण ते जाऊ दे.

तिला विचारलं, तर म्हणाली, "नळ काल येऊन गेला. मी न्हाई भरलं."

"विसरलीस का?"

"न्हाई. दोन दिवसांत येतो म्हणालास. वाट बघून लई कंटाळले. ही घे तुझी किल्ली."

किल्ली खिशात टाकली. मग आंघोळीपुरतं पाणी मागितलं. दिलं, पण म्हणाली, "बादली आजच परत पाहिजे. उद्या तू कुठं असशील कुणाला माहीत."

उद्या हिमायतनगरचं काम होतं. मुकादमाला फोन करून नाही म्हणालो. तिला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग? पुढचा नळ येईल तेव्हा इथं दिसलो, तरच तिला खरं वाटेल.