डाव्या हाताची मोजणी

३ जानेवारी
आजपासून नोंदी ठेवणार. बायकोच्या लिप बामचं काम माझ्याकडे आलं आहे. म्हणजे तिने दिलेलं नाही. पण जबाबदारी कोणी द्यावी लागत नाही, ओळखावी लागते.
परिस्थिती अशी. पुढच्या खोलीत बायकोचं पार्लर, चार वर्षं. त्यामुळे माझी आरामखुर्ची बाल्कनीत, तीही चार वर्षं. बायको घरीच बाम करते आणि गिऱ्हाइकांना छोट्या डब्यांतून देते. मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरबाई केस कापायला आल्या होत्या, त्या एक डबी घेऊन गेल्या. आज फोन आला. प्रत्येक खोलीत एक डबी ठेवायचा विचार आहे. महिन्याला तीनशे. अठरा तारखेला नमुने घेऊन या.
ऑर्डर मिळाली तर बायको कोपऱ्यावरचा गाळा घेणार. पार्लर तिकडे जाणार. पुढची खोली मोकळी, खुर्ची आत.
म्हणजे प्रश्न नुसत्या ओठांचा राहिलेला नाही.

४ जानेवारी
बायकोला विचारलं, तुझ्या बाममध्ये नेमकं काय असतं? म्हणाली, मेण, बदामाचं तेल, शिआ बटर. मी म्हटलं, आणि शास्त्रीय आधार? म्हणाली, आधार एका पातेल्याचा होता, तो काल तुम्ही दाढीच्या पाण्याला घेतलात.
विनोदामागची काळजी मला कळते.

५ जानेवारी, दुपारी, ऑफिसात
सव्वीस वर्षं मोजणी खात्यात काढली त्याचा आज उपयोग झाला. ओठ फुटणं म्हणजे जमीन भेगाळणं. बाजारातली सगळी क्रीमं आणि बाम तीनच कामं करतात. ग्लिसरीन आणि मध पाणी ओढून आणतात: ही विहीर. बदामाचं तेल, शिआ बटर भेगा बुजवतात: हा भराव. मेण, लॅनोलिन, पेट्रोलियम जेली आतलं पाणी उडू देत नाहीत: हा बांध.
बायकोच्या बाममध्ये भराव आहे, बांध आहे. विहीर नाही! बिचारी कोरडवाहू बाम विकते आहे.
साहेब येऊन विचारून गेले, त्या हद्दीच्या अपिलाच्या फाइलीचं काय झालं. म्हटलं, मोजणी सुरू आहे. खोटं नाही.

६ जानेवारी
औषधांच्या दुकानातून दहा प्रकारचे बाम आणि क्रीमं घेतली. दुकानदार म्हणाला, काका, घरात कोणाला काय झालंय? म्हटलं, तौलनिक अभ्यास आहे. त्याने मान डोलावली आणि पिशवीत त्वचारोगतज्ज्ञाचं कार्ड टाकलं. लोकांना संशोधक आणि रुग्ण यातला फरक कळत नाही.

८ जानेवारी, सकाळी ६.३०
दहा बाजारचे नमुने झाले. अकरावा माझा स्वतःचा फॉर्म्युला. मध, ग्लिसरीन, लॅनोलिन आणि बायको घालते त्याच्या तिप्पट मेण. बांध उंच हवा. वर थोडं मेंथॉल. मेंथॉलने ओठ गार पडतात, म्हणजे काम चालू असल्याचं गिऱ्हाइकाला समजतं. सरकारी कामात आम्ही यासाठी बोर्ड लावतो.
मुलगी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, बाबा, ग्लिसरीन मेणात मिसळत नाही. मी जोरात ढवळलं. म्हणाली, जोरात ढवळलं तरी मिसळत नाही. आजकालच्या शिक्षणात चिकाटीवर भर नाही.
बारावा नमुना बायकोचा बाम. तो जिंकणार नाही, पण तिच्या भावना लक्षात घेऊन ठेवला.

८ जानेवारी, ७.४५
ओठांचं क्षेत्रफळ अपुरं, त्यामुळे डावा हात घेतला. कोपरापासून मनगटापर्यंत पक्क्या शाईच्या पेनने बारा प्लॉट आखले. तीन रांगा, प्रत्येकीत चार. शेजारी कागदावर नकाशा. कोपर म्हणजे उत्तर, उत्तर वरच्या बाजूला, शिस्तीप्रमाणे. बाथरूममध्ये उभं राहून, हात खाली सोडून नमुने लावले. माझा फॉर्म्युला प्लॉट दोनमध्ये, कोपराजवळ. बायकोचा प्लॉट अकरात, मनगटाजवळ.
मुलगी म्हणाली, हातावर आकडे लिहा. मी हसलो. मोजणीवाल्याच्या हातात नकाशा असला की त्याला आकडे लागत नाहीत.
अंघोळ करताना डावा हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीबाहेर ठेवला. समोरच्या वकीलबाईंनी उलट हात हलवला. शेजार चांगला आहे.

१० जानेवारी
प्लॉट पाचमधल्या पेट्रोलियम जेलीचं प्लॉट सहामध्ये अतिक्रमण. कापसाने हद्द पूर्ववत केली. दुपारी पुन्हा अतिक्रमण. जेलीला सांगून उपयोग नाही, हे नोंदवून ठेवतो.
मुलीने नवीन माहिती दिली. हवा फार कोरडी असेल तर नुसतं ग्लिसरीन आजूबाजूच्या कातडीतूनच पाणी ओढतं, म्हणून त्यावर झाकण लागतं. म्हणजे विहीर शेजाऱ्याचं पाणी पळवते! आमच्याकडचे निम्मे तंटे हेच आहेत. निसर्ग आणि खातं एकाच नियमाने चालतात.

११ जानेवारी
ऑफिसात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तरी फाइल काढताना बाही वर सरकली. साहेबांनी हात पाहिला, बराच वेळ. मग विचारलं, हा कुठल्या गावचा नकाशा?
म्हटलं, खाजगी आहे.
म्हणाले, खाजगीच असू द्या.
हात खाजतो आहे. प्रयोग लागू पडल्याची खूण.

१३ जानेवारी, रविवारपेक्षा महत्त्वाचा दिवस
निकाल! टेबलापुढे बसलो, डावा हात समोर लांबवला, शेजारी नकाशा ठेवला आणि एकेक प्लॉट तपासला.
प्लॉट दोन, म्हणजे माझा फॉर्म्युला: कातडी मऊ, तुकतुकीत, लहान बाळासारखी.
प्लॉट अकरा, म्हणजे बायकोचा बाम: लालभडक चट्टे, खाज, एक फोड.
आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. बावीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या हातचा बाम असा निघावा. तिला कसं सांगायचं?

१४ जानेवारी
सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, हॉटेलला जरा वेगळे नमुने नेऊन बघायचे का? बायको डब्या पुसत होती. म्हणाली, हे बघा, चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मोठं माणूस आपण होऊन माझ्याकडे आलंय. माझ्या कामात हात घालू नका. आणि तो हात तर मुळीच नको.
संकल्प: तिच्या कामात हात घालणार नाही.

१६ जानेवारी
संकल्पाचा नीट विचार केला. हात घालणं वेगळं आणि वाचवणं वेगळं. माणूस बुडताना विचारून थोडंच ओढतात?
बायकोने नमुन्यांच्या सहा डब्या भरल्या आहेत. तशाच सहा रिकाम्या मिळवल्या आणि त्यांत माझा फॉर्म्युला भरला. वर थोडं ग्लिसरीन तरंगत होतं, ते टिपून घेतलं.

१८ जानेवारी, सकाळी ८
बायको साडीला पिना लावत असताना पिशवीतल्या डब्या बदलल्या. तिच्या सहा माझ्या कपाटात, मोज्यांमागे. माझ्या सहा पिशवीत. ती यशस्वी झाल्यावर कधीतरी सांगेन. किंवा सांगणार नाही. मोठेपणा यालाच म्हणतात.
पिशवी धरायला बरोबर जातो म्हटलं. म्हणाली, चला, पण बोलायचं नाही.

१८ जानेवारी, संध्याकाळी
झालं ते क्रमाने लिहितो.
मॅनेजरबाईंनी डबी उघडली, वास घेतला आणि बाम ओठांना लावला. मी म्हटलं, मॅडम, एक मिनिट ओठ मिटून ठेवा, बांध बसू द्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी ओठ मिटले.
मिनिट झालं. बाईंनी ओठ उघडायला घेतले. उघडेनात.
मी म्हटलं, पकड उत्तम आहे.
बाईंचे डोळे मोठे झाले. टेबलावरचा फोन वाजायला लागला. बाईंनी तो उचलला, कानाला लावला, नुसतं म्म्म म्म्म केलं आणि खाली ठेवला. तो पुन्हा वाजला. मग त्यांनी पॅडवर लिहिलं: हे काय आहे? खाली दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ कागद फाडून गेली.
बायकोने पिशवीतली दुसरी डबी उघडली, बोट लावलं, वास घेतला. मग माझ्याकडे वळून फक्त एवढंच म्हणाली: मेंथॉल.
नंतर पर्समधली स्वतःची डबी काढली, रोज वापरते ती, अर्धी संपलेली. बोटावर बाम घेऊन ऊब येईपर्यंत चोळला आणि बाईंच्या ओठांच्या कडेने हलक्या हाताने फिरवत राहिली. म्हणाली, ताई, घाबरू नका, ओढू नका, तेलाने मेण सुटतं. मला वाटलं होतं तिचा आवाज कापेल. कापला नाही.
दोनेक मिनिटांनी ओठ सुटले. बाईंचा पहिला शब्द: हे कोणतं?
बायको म्हणाली, हे माझं.
बाई म्हणाल्या, मग ते कोणाचं?
मी पिशवी उचलली आणि लॉबीत जाऊन थांबलो.

१९ जानेवारी
बायको काल दुपारपासून बोललेली नाही. कपाटातल्या सहा डब्या मोज्यांसकट बाहेर आल्या आहेत. हॉटेलचं उत्तर दोन दिवसांनी.
मुलीने नकाशा मागितला. म्हणाली, बाबा, लावताना उभे होतात ना? तेव्हा वर काय होतं? म्हटलं, कोपर. म्हणाली, आणि टेबलावर हात समोर लांब केलात तेव्हा? मी हात लांब करून पाहिला. वर मनगट आलं होतं.
म्हणाली, म्हणजे तुमचा दोन हा खरा अकरा, आणि तुमचा अकरा हा खरा दोन.
मी तो विषय तिथेच थांबवला.
निष्कर्ष: मोजणी अचूक. हात उलटा.

२१ जानेवारी
हॉटेलचा होकार आला! महिन्याला तीनशे. मॅनेजरबाईंनी कळवलं की इतक्या खात्रीचा बाम त्यांनी आजवर वापरलेला नाही. ही खात्री त्यांना कशी पटली, याचा विचार केला तर माझा वाटा नाकारता येणार नाही. बायकोला तसं म्हणालो.
ती तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही.

२५ जानेवारी
गाळा घेतला. पार्लर गेलं. पुढची खोली रिकामी झाली. मी सकाळीच बाल्कनीतली खुर्ची पुसून तयार ठेवली.
दहा वाजता टेम्पो आला. मेणाच्या लाद्या, तेलाचे डबे, मोठी शेगडी, दोन लांब टेबलं. तीनशे डब्या म्हणजे स्वयंपाकघर पुरणार नाही, बाम आता पुढच्या खोलीत होणार. उंबऱ्याचा नियम या खोलीलाही लागू. मी बाल्कनीत परत आलो. खुर्चीवर रिकाम्या डब्यांची खोकी रचलेली. मुलगी म्हणाली, बाबा, स्टूल आहे की.

२५ जानेवारी, संध्याकाळी ६
स्टुलावर बसून हात खाजवत होतो. शाई अजून जात नाही. बायको हात पुसत आली आणि शेजारी उभी राहिली. म्हणाली, दाखवा.
दाखवला. तिने डबीत बोट घातलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत सरळ फासत गेली. एकही हद्द पाहिली नाही. म्हटलं, अगं, प्लॉटप्रमाणे लाव, नोंद ठेवता येईल. म्हणाली, अहो, गप्प बसा.
गप्प बसलो. पाच मिनिटांत खाज थांबली.
नोंद: प्लॉट एक ते बारा, एकत्र केले. मालक: बायको. हरकत नाही.