एका कानाचं अंगण

प्रिय भावा,

ताईचा आशीर्वाद. (रागात असले तरी तो पाठवावाच लागतो, म्हणून आधी उरकून घेते.) तुझा खोकला थांबला का? वहिनीचा गुडघा कसा आहे? आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तब्येतीने. बाकी जे काही झालं आहे ते तुझ्यामुळे झालं आहे, आणि ते तुला सविस्तर कळलंच पाहिजे.

थोरल्या जाऊबाईंशी माझं बोलणं बंद आहे हे तुला ठाऊक होतं. कारण कपडे वाळत घालायचे चिमटे. (चिमटे माझेच होते, पण ते जाऊ दे.) मधल्या जाऊबाई हिचं तिला आणि तिचं हिला सांगत राहिल्या, तेव्हा आम्ही दोघींनी त्यांच्याशीही अबोला धरला. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत झालं. शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं, की तिघींची तीन दारं आहेत, तर प्रत्येकीला नळापर्यंत, दोरीपर्यंत आणि फाटकापर्यंत स्वतःची वाट, आणि एकीची वाट दुसरीच्या वाटेला कुठेही लागता कामा नये. गवंडी आला. त्याने चुन्याच्या रेघा मारल्या. आठ वाटा झकास बसल्या. नववी, थोरल्या जाऊबाईंच्या दारापासून फाटकापर्यंतची, काही केल्या बसेना. घरामागून वळसा घातला तरी कुणाची ना कुणाची वाट आडवी येई. तो घाम पुसत म्हणाला, "आजी, एकीला फाटकाबाहेर जाणं सोडायला सांगा."

मी खिडकीत उभी राहून हे बघत होते, आणि (हे फक्त तुला सांगते) मला बरं वाटलं. एक तरी जागा उरणार होती, जिथे थोरल्या जाऊबाई त्यांची बादली घेऊन आणि मी माझी बादली घेऊन समोरासमोर येणार होतो, आणि कुणाला तरी "आधी तू जा" एवढं म्हणावंच लागणार होतं. मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा ज्या बाईने मला चमच्याने पाणी पाजलं, तिच्याशी मी चिमट्यांवरून बोलत नाही, ही गोष्ट मला जेवताना टोचते. पण आपणहून बोलायला जीभ उचलत नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे, तुझाही तोच आहे.

अशा वेळी तू बॅग घेऊन आलास. दोन दिवस राहायला आलेला माणूस जेवतो, झोपतो, भाच्यांचे गाल ओढतो. तू चुन्याच्या रेघा बघितल्यास आणि तुझे डोळे लकाकले. आधी तू शहाण्यासारखं सांगितलंस, की तीन दारं आणि तीन ठिकाणं असं जाळं सपाट जागेवर न छेदता मांडताच येत नाही, आणि चेंडूवर काढलंत तरी तेच. तिथे थांबला असतास तर मी तुला जन्मभर दुवा दिला असता. पण नाही. तू सासूबाईंचा चहाचा कप उचललास, त्यावर पेनाने तीन दारं आणि तीन ठिकाणं काढलीस, आठ वाटा काढल्यास आणि नववी कपाच्या कानावरून पलीकडे नेलीस. आडवी येणारी वाट कानाखालून गेली. कुणाला कुणाचा स्पर्श नाही. वर व्याख्यान दिलंस, की एखादं जाळं न छेदता मांडायला कमीत कमी जितके कान लागतात तितका त्याचा जीनस, आणि आमचा जीनस एक. सासूबाईंनी कप तीनदा फिरवून बघितला आणि विचारलं, "म्हणजे अंगणाला एक कान लावायचा?" तू हो म्हणालास. (कपावरची शाई अजून निघालेली नाही.)

तर आता आमच्या अंगणात पूल आहे. विटांचा, नऊ पायऱ्या वर, नऊ खाली. खाली ओढा नाही, रस्ता नाही, फक्त मी आहे. पोस्टमन बघायला थांबतो. थोरल्या जाऊबाई डोक्यावरून फाटकाकडे जातात, मी खालून दोरीकडे जाते, आणि भेटायची म्हणून कुठे सोय राहिलेली नाही. निदान हे गणित पुढे फसेल अशी आशा होती, कारण धाकट्या भावजींचं लग्न ठरतंय. पण चौथी सून आली आणि अंगणात चौथं ठिकाण निघालं, तरी वाटा नव्याने आखल्या की एकच कान पुरतो, असं तू जाता जाता सांगून गेलास. ते तुला कुणी विचारलं होतं?

मुलांना गोड पापा.

तुझी (सध्या केवळ नात्याने)
ताई

ता. क. : पत्र खरं यासाठी लिहिलं. सासूबाईंना चार ओळी पाठव, की हिशेबात चूक निघाली, पूल पाडावा. सासूबाई तुझ्याखेरीज कुणाचं ऐकणार नाहीत. गणिताची एवढी बदनामी बहिणीसाठी सोस.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी कपडे काढायला गेले होते. पुलाखालून जाताना वरून आवाज आला, "अगं वाक जरा, डोकं आपटेल." मी वाकले. मग वर बघून म्हटलं, "ठेंगणाच बांधलाय मेल्याने." त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाचंच डोकं ते," आणि कठड्याला टेकून हसत बसल्या. मी खाली, त्या वर, कपडे दोरीवरच राहिले. तेव्हा एवढ्यात काही कळवू नकोस. सासूबाईंनी विचारलंच, तर वाटा छेदत नाहीत म्हणून सांग. खोटं नाही ते.