थांबवणारा हात

दि. ३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हा कागद म्हणजे निवडणुकीच्या पत्रकाची पाठ. कोरी होती, म्हणून वाया घालवली नाही. पुढची बाजू कोणाची ते बघू नकोस, त्यावरूनच घर फुटलंय.

तुझा धाकटा आणि तुझे जावई तीन आठवडे बोलत नाहीत. ह्यांचं म्हणणं, आठ तासांची पाळी आणि पेन्शन जुन्या पक्षाने मिळवून दिली; कामगाराने त्याला विसरणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. धाकटा म्हणतो, मिळालं ते कायमच्यांना. आम्हा कंत्राटींना युनियन दारात उभं करत नाही, नवा पक्ष निदान विचारपूस तरी करतो. त्यावर हे बोलून गेले की कंत्राटी आज आहे उद्या नाही, त्याला पक्ष हवा कशाला. ते त्याच्या वर्मी लागलं.

हे वर क्रेनवर आणि तो खाली हाताने इशारे देणारा, अशी सहा वर्षांची जोडी. आता त्याने शेजारच्या खात्यात काम मागून घेतलंय, आणि दूरच्या कारखान्यात जायचा अर्जही दिलाय. मला दोघांचंही पटतं, पण सांगू कोणाला? देवापुढे बसते झालं.

माया असू दे.
तुझी ताई

दि. ९ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांनी चाळीस वर्षं मत कोणाला दिलं ते मलासुद्धा कळलं नाही. संसार टिकला तो त्यामुळेच असावा. जावईबापूंना सांग, बोललेलं गिळायला दात लागत नाहीत. धाकट्याला काही सांगू नकोस, तो माझ्यावर गेलाय. पण तो खरंच जाणार का, एवढं लगेच कळव. मला घास गोड लागत नाही.

तुझी आई

दि. १८ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी एवढंच वाच, तो जात नाही. आता सावकाश बस.

परवा दुपारी हे लोखंडी तुळई उचलत होते. खाली नवा इशारेवाला. तुळईला बांधलेला पलीकडचा पट्टा तिच्या कडेला घासून चिरत होता, ते त्याला दिसेना. धाकटा पाणी प्यायला निघाला होता. त्याने पाहिलं आणि धावत मधे येऊन दोन्ही हात फैलावले, म्हणजे थांब. त्यांच्या कामात नियम असा, की उचल आणि सरक हे फक्त आपल्या इशारेवाल्याचं मानायचं, पण थांब कोणीही म्हणो, झाडूवाला का असेना, तिथल्या तिथे थांबायचं. हे थांबले. खालचे चौघे बाजूला झाले. तुळई उतरवून बघतात तर पट्टा अर्ध्याहून जास्त तुटलेला. देवाने राखलं.

धाकटा म्हणाला, वाटलं होतं तुम्ही माझा हात मानणार नाही. हे म्हणाले, हात कायमचा की कंत्राटी ते वरून दिसत नाही. बोलले खरं, पण मग त्यांचं त्यांनाच लागलं असावं. संध्याकाळी युनियनच्या सभेत उभे राहून विचारलं, कंत्राटींना सभासद का करत नाही. पुढारी म्हणाले, निवडणुकीनंतर बघू, तुम्ही बसा. हे बसले नाहीत. शेवटी नावं लिहून घेतली, पहिलं धाकट्याचं.

त्याने अर्ज मागे घेतला. मत मात्र नव्या पक्षालाच देणार म्हणतो. काल जेवताना त्यावरून दोघं असे कडाकडा भांडले की हात वाळले तरी उठेनात. मी मधे पडले नाही. भिंतीला टेकून ऐकत बसले, आणि किती दिवसांनी पोटभर जेवले.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझी ताई