अठ्ठ्याहत्तर की एक्याऐंशी

४ जानेवारी, सकाळी
निर्णय झाला. आठवड्याभरात पिकअप घ्यायची. त्यानंतर विषय बंद.

पार्श्वभूमी: खाली गॅरेजमध्ये हिचं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. माल पोचवायला भाड्याचा टेम्पो. परवा टेम्पोवाल्याने वकीलबाईंचा सोफा सिमेंटच्या गोण्यांवर ठेवून नेला. निघाला तेव्हा निळा होता, पोचला तेव्हा राखाडी. वकीलबाईंनी परत पाठवला. ही रात्रभर ब्रश मारत बसली आणि सकाळी म्हणाली, आता आपली स्वतःची छोटी गाडी हवी. मी म्हणालो, माझ्यावर सोपव. आयुष्यभर कंपनीचा खरेदी विभाग चालवलाय. कंपनीने विभाग बंद केला, तो त्यांचा मूर्खपणा.

नवी गाडी बाद. नव्या पिकअप म्हणजे चाकं लावलेले फ्रिज. जुनीच घेणार. गावात चालू स्थितीतल्या दोन आहेत, एकाच कंपनीच्या. एक अठ्ठ्याहत्तरची, एक एक्याऐंशीची. ही म्हणाली, ज्यात सोफा बसेल ती घ्या.

खरेदीशास्त्राचा एवढा अपमान मी आजवर ऐकला नव्हता.

६ जानेवारी
अठ्ठ्याहत्तर पाहिली. मालकीण नर्सरीवाल्या बाई, गाडीतून कुंड्या नेतात. गोल दिवे, स्टीलचा बंपर, गियर स्टिअरिंगला. चेहरा असलेली गाडी. बाईंनी खुर्ची दिली, चहा दिला, साहेब म्हणाल्या. मग विचारलं, असला गियर चालवलाय का कधी. म्हणालो, बाई, तीस वर्षं कंपनीच्या गाडीने फिरलोय.

यात खोटं काही नाही. ड्रायव्हर कंपनीचा होता, एवढंच.

८ जानेवारी
एक्याऐंशी पाहिली. मालक रिटायर्ड दंतवैद्य. चौकोनी दिवे, प्लास्टिकची जाळी, गियर खाली. डॉक्टर बोटाच्या पेराने पत्रा ठोकून दाखवत होते, इथे दुखतंय का विचारावं तसे. माल ठेवायचा मागचा हौदा अठ्ठ्याहत्तरपेक्षा लांब आहे, असं अभिमानाने सांगितलं. लांबी हा काही गुण नव्हे. आमच्या जी.एम.चं भाषणही लांब असायचं.

डॉक्टर म्हणाले, एक चक्कर मारून या. गुडघा दुखत असल्याचं सांगितलं. नंतर बसस्टॉपपर्यंत चालत गेलो, तर खरंच दुखायला लागला.

इथेही चहा. कपबशीत.

१२ जानेवारी
मुदत आठवड्याची म्हणालो होतो ती अंदाजे होती.

रात्री जेवताना हिने विचारलं, काय ठरलं. तुलना चालू आहे म्हणालो. तिचा धाकटा भाऊ जेवायला होता. हा माणूस आमच्याकडे इतका जेवतो की त्याच्या घरी गॅस उरत असेल. तो म्हणाला, भाऊजी, मी दोन्हीकडे टेप घेऊन जाऊन आलो. तीन सीटचा सोफा एक्याऐंशीत मागचा फाळका लावून बसतो. अठ्ठ्याहत्तरमध्ये फाळका उघडा ठेवून दोरीने बांधावा लागेल.

माझ्या पाठीमागे. माझ्या उमेदवारांना टेप लावली. ही त्याला आणखी भात वाढत होती.

रात्री ठरवलं: अठ्ठ्याहत्तर. अंतिम.

१६ जानेवारी
मेहुणा फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, इंजिन मात्र अठ्ठ्याहत्तरचंच दणकट.

एक्याऐंशी. अंतिम.

२१ जानेवारी
जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपमध्ये सामील झालो. दोन्ही मॉडेलांवर सविस्तर टिपण टाकलं. 'जुना पाना' नावाच्या इसमाने लिहिलं, अठ्ठ्याहत्तरची चासी केबिनमागे गंजते, खाली बघितलं का. मी लिहिलं, गाडी वरून चालवतात. त्याने हसणारे चेहरे टाकले. बाकीच्यांनीही टाकले. निषेध म्हणून ग्रुप सोडला.

परत जाऊन पाहिलं असतं, निषेधाची दखल कुणी घेतली का. पण सोडल्यावर दिसत नाही.

२४ जानेवारी
केवळ 'जुना पाना'चं तोंड बंद करण्यासाठी अठ्ठ्याहत्तरच्या खाली शिरलो. पाठीवर. गंज आहे की चिखल हे ठरवता आलं नाही, कारण चष्मा कपाळावर होता आणि हात वर येईना. मग मीही वर येईना. नर्सरीवाल्या बाई आणि जास्वंद न्यायला आलेल्या एका गृहस्थाने पाय धरून ओढलं. गृहस्थ म्हणाला, मेकॅनिक आहात का. बाई म्हणाल्या, नाही, गिऱ्हाईक आहेत, रोज येतात.

रोज नाही. एक दिवसाआड.

२९ जानेवारी
हिला सार्वजनिक वाचनालयाचं काम मिळालं. वाचन कक्षातल्या सगळ्या खुर्च्या. नवं कापड, नवा फोम, मार्च उजाडायच्या आत पोचवायच्या. ही इतकी खूश की वर्कशॉपमध्ये एकटीच गुणगुणत होती. मग म्हणाली, गाडी तेवढी बघा. म्हणालो, बघतोच आहे. ती म्हणाली, हो, ते दिसतंय.

टोन नोंदवून ठेवतो.

३ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकायला नव्हे, उजळणीला. हिला सांगितलं नाही. घरातला एकेक माणूस टपून बसलाय.

शिकवणाऱ्या बाईंचा आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा. काका, क्लच. काका, क्लच सोडा. काका, दुसरा पाय. पहिल्या दिवशी गाडी सारखी बंद पडत होती. स्कूलची गाडी अगदीच खटारा आहे.

१० फेब्रुवारी
माझ्या आधीच्या बॅचची गाडी परत येताना पाहिली. चालवणाऱ्या बाई हुबेहूब हिच्यासारख्या दिसल्या. ओढणीही तशीच. वळण छान घेतलं. जगात एकासारखे एक चेहरे असतात म्हणतात.

घरी आलो तर ही नव्हती. कापड आणायला गेली असणार.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन. दुसरं गिऱ्हाईक आलंय, नक्की सांगा. हे दबावतंत्र मला पाठ आहे. पुरवठादार हेच करायचे. मी त्यांना आठ-आठ दिवस बाहेर बसवून ठेवायचो. डॉक्टरांना थंड आवाजात सांगितलं, ज्याला द्यायची त्याला द्या. ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

असं बरं म्हणायचं नसतं. भावात खाली यायचं असतं.

१७ फेब्रुवारी
टेस्ट ड्राइव्ह. अठ्ठ्याहत्तर. मी तयार होतो, गाडी नव्हती.

स्टिअरिंगचा गियर मी पहिल्यावर टाकला आणि गाडी मागे गेली. मागे कुंड्या का रचून ठेवल्या होत्या, याचं समाधानकारक उत्तर बाईंकडे नव्हतं. शेवंतीची एक अख्खी रांग.  बाईंनी मला उतरायला सांगितलं, स्वतः बसल्या, गाडी जागेवर लावली आणि किल्ली कमरेला खोचली. आज चहा नाही.

अठ्ठ्याहत्तर बाद. रिव्हर्स फार उतावीळ आहे.

संध्याकाळी हे सगळं घरी पोचलेलं होतं. मेहुण्याने विचारलं, भाऊजी, शेवंती कशी आहे. त्याच्याशी बोलणं बंद. आजपासून.

१९ फेब्रुवारी
भांडण. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट होईल.

ही खुर्चीला कापड ठोकत होती. तोंडात खिळे. मी सांगत होतो की, एक्याऐंशीच्या डॅशबोर्डवर घड्याळ आहे, अठ्ठ्याहत्तरमध्ये नाही, पण घड्याळ बंद आहे, त्यामुळे तो मुद्दा दोन्हीकडे मोजता येत नाही. तिने खिळे हातावर काढले. म्हणाली, तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये. तुम्हाला निवडत बसायचंय.

मी म्हणालो, खरेदीतलं तुला कळत नाही. ती म्हणाली, बरं, नाही कळत. पण तुम्ही सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या नर्सरीत जाता, मग त्या डॉक्टरांकडे जाता, तिथे लोक तुम्हाला बसा साहेब म्हणतात, हे मला कळतं. गाडी घेतली की तुम्हाला कुठे जायचं राहणार नाही, हेही कळतं. मी इतके दिवस गप्प बसले ती त्यासाठीच. पण आता माझ्या खुर्च्या जायच्या आहेत.

मी म्हणालो, हा शर्ट इस्त्रीचा नाही.

इस्त्रीचा होता. पण मुद्दा तो नव्हे. मुद्दा हा की नवऱ्याच्या कामाला असं उघडं पाडायचं नसतं. बाहेर निघून गेलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथे उभा राहिलो. डावीकडे नर्सरी, उजवीकडे डॉक्टर. कुठेच जावंसं वाटेना. घरी आलो. ती ठोकतच होती. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. जेवलो नाही. थोडंसं जेवलो.

२३ फेब्रुवारी
अबोला. ती बोलते, मी बोलत नाही. ती विचारते, चहा घेणार का. मी कप पुढे सरकवतो. यातून तिला योग्य तो संदेश मिळत असावा.

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई म्हणाल्या, काका, तुम्हाला सुरुवातीपासून परत घ्यावं लागेल. मी म्हणालो, मला निर्णय घ्यायचाय, गाडी चालवणारा ठेवता येईल. त्या म्हणाल्या, मग आधीच ठेवायचा ना. स्कूल सोडली. खालच्या दर्जाची संस्था.

२७ फेब्रुवारी, सकाळी
लख्ख निर्णय. एक्याऐंशी. कारणं: हौदा लांब, फाळका लागतो, सोफा बसतो. हे सगळं मी स्वतंत्रपणे शोधून काढलं आहे. आज घेऊन येतो, दारात उभी करतो, किल्ली हिच्या पुढ्यात टाकतो आणि एक शब्द बोलत नाही.

२७ फेब्रुवारी, दुपारी
डॉक्टरांचं आवार रिकामं. जमिनीवर तेलाचा डाग. डॉक्टर म्हणाले, गेली, तासाभरापूर्वी गेली. मी म्हणालो, मी शब्द दिला होता. ते म्हणाले, शब्दच दिला होता. कुणी नेली विचारलं, तर म्हणाले, एक बाई आल्या होत्या भावाला घेऊन. फाळका उघडून आत एक खुर्ची ठेवून पाहिली, गाडी सुरू करून ऐकली आणि स्वतः चालवत घेऊन गेल्या. पाच मिनिटांचं काम. फार समजूतदार गिऱ्हाईक, असंही वर सांगितलं.

तसाच नर्सरीत गेलो. अठ्ठ्याहत्तर घेतो म्हणालो, आत्ता, आहे तशी. बाई पाइपने पाणी घालत होत्या. म्हणाल्या, तुम्हाला नाही द्यायची. कारण विचारलं. त्यांनी शेवंतीकडे पाहिलं.

पायी घरी आलो. दारात एक्याऐंशी उभी होती. चौकोनी दिवे पुसून लखलखीत. आतून जेवणाचा वास येत होता आणि मेहुण्याचा आवाज. रस्त्यापलीकडे बराच वेळ उभा राहून गाडीकडे पाहत होतो. लांबून बरी दिसते. जाळी तेवढी प्लास्टिकची.

आत गेल्यावर ही म्हणाली, हात धुवा, पान घेते. मी विचारलं, तू चालवायला कधी शिकलीस. ती म्हणाली, तुमच्या आधीच्या बॅचला. मी मान खाली घालून जेवलो. मेहुणाही काही बोलला नाही. त्याचं हे न बोलणं फार झोंबलं.

२८ फेब्रुवारी
खुर्च्या पोचवल्या.

ही चालवायला. तिच्याशेजारी मेहुणा, त्याला वाचनालयाचा रस्ता माहीत. हौद्यात कुणीतरी बसायला हवं होतं, खुर्च्या धरायला. मी पाहणी करायची म्हणून बसलो. वाचनालयाच्या एका खुर्चीत बसून बाकीच्या दोन्ही हातांनी धरल्या. ही हळू चालवते. ब्रेक लावताना आधी आरशातून माझ्याकडे बघते, मग लावते. एकही खुर्ची हलली नाही. मीही नाही.

सिग्नलला आमच्या जुन्या ऑफिसचे अकाउंटंट स्कूटरवर शेजारी आले. मला वर पाहून गोंधळले. म्हणाले, साहेब, तुम्ही इथे. म्हणालो, गाडी घेतली. ते म्हणाले, छान, जुनी दिसते, कुठलं साल. एक्याऐंशी, म्हणालो. अठ्ठ्याहत्तरचीही पाहिली होती, पण सर्व बाजूंनी विचार करता. एवढ्यात सिग्नल सुटला.

वाचनालयात ग्रंथपालबाई प्रत्येक खुर्चीत बसून बघत होत्या. हिला म्हणाल्या, सुरेख झाल्यात. ही लाजली. किती वर्षांनी पाहिली. मी दोन-दोन खुर्च्या उचलून आत नेत होतो. ग्रंथपालबाईंनी मला विचारलं, तुम्ही यांच्याकडे किती दिवस कामाला आहात. ही सांगायला तोंड उघडत होती. मीच म्हणालो, नुकताच लागलो.

परतीच्या वाटेवर मेहुणा त्याच्या घराशी उतरला. ही म्हणाली, या आता पुढे. पुढे बसलो. सीट अरुंद आहे.  गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, उतरून जरा मागे बघता का, गाडी आत घ्यायचीय. मी उतरलो. गाडीच्या मागे उभा राहिलो आणि हात हलवायला लागलो. येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे, येऊ दे. ती आरशात बघून एका दमात सरळ आत आली, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून थांबली, इंजिन बंद केलं, काच वर केली, किल्ली काढली.

मी अजून येऊ दे म्हणत होतो.